लाल दोऱ्याची किटली

मी एक किटली बोलतेय.

पाहा, पहिल्याच वाक्यात खोट निघाली. मी किटली नाही, किटलीचं चित्र आहे. माझ्यात घोटभर पाणी मावत नाही आणि माझ्या तोटीतून आजवर कधी वाफ निघाली नाही. चित्र म्हणून बोलायचं तर 'बोलतंय' म्हणायला हवं, किटली म्हणून बोलायचं तर 'बोलतेय'. बराच विचार करून मी किटलीच्या बाजूने बोलायचं ठरवलं आहे. ते बरोबर आहे की नाही, कोण जाणे. चूकभूल द्यावीघ्यावी.

माझा जन्म एका चित्रकार बाईंच्या स्वयंपाकघरात झाला. बियाण्यांच्या पाकिटांवर भोपळे, वांगी आणि टोमॅटो रंगवणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी रंगवलेला भोपळा इतका गुबगुबीत असे, की खऱ्या भोपळ्याला वाईट वाटावं.

एक दिवस त्यांच्याकडे रुग्णालयातल्या मॅडम आल्या. मेंदूला झटका बसला की काही माणसांचे शब्द हरवतात. समोरची वस्तू ओळखू येते, ती कशाला वापरतात हेही कळतं, पण तिचं नाव काही केल्या ओठांवर येत नाही. अशा माणसांना समोर बसवायचं, एकेक चित्र दाखवायचं आणि गेलेला शब्द परत आणायला मदत करायची, हे मॅडमचं काम. त्यासाठी त्यांना चित्रांची नवी जुडी हवी होती.

"वस्तू ओळखू आली की पुरे," मॅडम म्हणाल्या. "सावली नको, नक्षी नको, मागे टेबलबिबल काही नको."

"मग उरलं काय?"

"खुर्ची काढा. पण ती कुणाची खुर्ची आहे, हे कळू देऊ नका."

चित्रकार बाईंनी पेन्सिल उचलली. मग म्हणाल्या, "कुणाचीच नसलेली खुर्ची मी अजून पाहिली नाही हो. पण काढते."

आणि त्यांनी काढली. खुर्ची, छत्री, चावी, कंगवा. काळी रेघ, आत एक सपाट रंग, बस्स. माझी पाळी आली तेव्हा शेगडीवर त्यांचीच किटली उकळत होती. त्यांनी सहज तिच्याकडे पाहिलं आणि तिथेच सगळं बिघडलं. बुडाची काजळी आली. तोटीजवळचा पोचा आला. झाकणाच्या मुठीचं लाकूड कधीचंच निघून गेलं होतं, म्हणून हात भाजू नये यासाठी तिच्याभोवती लाल दोरा गुंडाळलेला होता. तो दोरा आला, त्याचं सुटलेलं टोकसुद्धा आलं. एवढ्यावरही हात थांबला नाही. माझ्या चकचकीत पोटात समोरची खिडकी आणि खिडकीपाशी ब्रश घेऊन बसलेली एक वाकडीतिकडी बाई उमटली. ती बाई म्हणजे त्या स्वतःच.

"अहो, हे काय?" मॅडमनी मला हातात घेऊन विचारलं.

"हात ऐकेना."

"चित्र फार सुंदर आहे. तोच तर त्रास आहे."

तरीही त्यांनी मला जुडीत घेतलं. मॅडमचा स्वभाव कडक, पण टाकून देण्याचा नव्हे.

मॅडमचं म्हणणं खरं होतं, हे लवकरच दिसलं. छत्रीकडे पाहून एखादे आजोबा अडखळत का होईना, "छ... छत्री" म्हणत. माझ्याकडे पाहून ते "खिडकी" म्हणत. एक सुतार "पोचा" म्हणाला. एक बाई तर दोऱ्याचं सुटलेलं टोक नखाने ओढून पाहू लागल्या. नजर माझ्यावर इतक्या ठिकाणी अडकायची, की किटलीपर्यंत पोहोचेपर्यंत माणूस दमून जायचा.

आणि गंमत अशी, की पुढच्या खेपेला हीच माणसं माझी आठवण काढत. हातवारे करून, मुठीभोवती बोट फिरवून विचारत, ती दोऱ्याची कुठे गेली? छत्रीबद्दल कुणी कधी असं विचारलं नाही. छत्री ओळखू यायची आणि विसरली जायची. मी लक्षात राहायची आणि माझं नाव कुणाला सांगता यायचं नाही. यातलं चांगलं कोणतं, ते मला ठरवता येईना. मॅडमना मात्र आलं. त्यांनी मला जुडीत सगळ्यांत खाली ठेवलं, कंगव्याच्याही खाली. मी मनाशी म्हटलं, योग्यच केलं.

मग ते दोघं आले.

तो भूगोलाचा निवृत्त प्राध्यापक. नकाशे कसे काढावेत, कसे वाचावेत, हे त्याने जन्मभर शिकवलं. अंगाने काडी, चष्मा जाड, आणि कुठेही बसला तरी खुर्चीच्या कडेवर, जणू आता कुणी उठवणारच आहे. त्याची बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. रांगेतल्या माणसाचं तिकीट चिकटवून होईपर्यंत त्याच्या घरातल्या चार खबरी काढून घेणारी बाई. झटक्यानंतर तिचे हातपाय सावरले, पण शब्द गेले. सुरुवातीला "ते... ते..." म्हणायची. मग चुकीचे शब्द तोंडातून येऊ लागले, ते तिचे तिलाच ऐकू येत आणि तिला भयंकर लाज वाटे. शेवटी तिने तोंडच मिटलं.

"हे काय आहे?" मॅडम खुर्चीचं चित्र दाखवत.

"खुर्ची!" प्राध्यापक सांगे.

"सर, मी त्यांना विचारतेय."

"हो हो. सॉरी. अगं सांग ना. ज्यावर आपण बसतो... चार पाय... खु..."

"सर, तुम्ही बाहेर बसा."

तो बाहेर बाकावर जाऊन बसे. दर खेपेला हेच व्हायचं. दाराच्या काचेतून त्याचा अर्धा चष्मा दिसत राहायचा, आणि आत एखादं चित्र वर आलं की बाहेर त्याचे ओठ हलायचे.

त्यांना एक मुलगी होती, दूरच्या शहरात राहणारी. एकदा तीही सोबत आली. तिने मॅडमसमोरच बापाला सांगितलं, "बाबा, मी वाईटपणा घ्यायला तयार आहे. आईला कुठे दुखलं, काय हवंय, हे तिला सांगता येत नाही. तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही. मी परत येईन तोवर तिला चार गोष्टी सांगता आल्या, तर राहा तुम्ही इथे. नाही तर घर बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. मला तिकडे झोप लागत नाही हो."

मुलगी वाईट नव्हती. म्हणूनच प्राध्यापकाला तिच्याशी भांडता येईना. बायको मात्र खाली मान घालून पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली होती. तिला सगळं कळत होतं. घर बंद करायचं, हेही.

पुढच्या खेपेला मॅडमनी सगळी जुडी संपवली. एकाही चित्राला तिने तोंड उघडलं नाही. कंगवा झाला आणि मॅडमच्या हाताला मी लागले. त्या मला बाजूला ठेवणार, एवढ्यात प्राध्यापकाच्या बायकोचा हात पुढे आला. तिने मला जवळ ओढलं. तिचं बोट काजळीवरून, पोच्यावरून फिरलं आणि कुठेतरी थांबलं.

"आत्या," ती म्हणाली.

कितीतरी दिवसांनी निघालेला शब्द. मॅडमनी वाकून पाहिलं. "आत्या? अच्छा, ही पोटात दिसतेय ती बाई? हो, आहे खरी. पण ही वस्तू काय आहे? कशात करतो आपण चहा?"

बाईंचा चेहरा मिटला. दार लावून घ्यावं तसा. मला इतकं वाईट वाटलं, की त्या क्षणी मी कोरा पुठ्ठा असते तर बरं, असं वाटलं.

मॅडमना पुढचा आठवडा प्रशिक्षणासाठी बाहेर जायचं होतं. त्यांनी सरावासाठी सगळी जुडी प्राध्यापकाच्या हाती दिली. "ही किटली मात्र दाखवू नका. प्रतिबिंबामुळे त्यांचा गोंधळ होतो. भलताच शब्द येतो आणि मग त्या गप्प होतात."

भलता शब्द कोणता, हे त्याने विचारलं नाही. घाबरलेला माणूस नेमकं विचारायचं तेच विसरतो.

अशी मी त्यांच्या घरी आले. स्वयंपाकघरातलं चौकोनी टेबल, एका पायाखाली कागदाची घडी. ओट्यावर मुलीने आणून दिलेली विजेची पांढरी किटली, बटण दाबलं की मुकाट पाणी तापवणारी. भिंतीवर एक मोठा नकाशा, त्यावर नद्या आणि डोंगर सोडून काही नाही.

तो रोज सकाळी चित्रं मांडून बसायचा. मेंदूवरची पुस्तकं आणून त्यात खुणा करायचा. बायकोला चित्र दाखवताना स्वतःच्या तोंडावर हात ठेवायचा, उत्तर निसटू नये म्हणून. ती छत्रीकडे पाहायची, मग त्याच्याकडे पाहायची, मग खिडकीबाहेर. ती आडवी झाली की तो आम्हालाच विचारायचा, "माझंच काही चुकतंय का रे?" छत्री काय सांगणार? खुर्ची काय सांगणार?

मुलगी यायला दोन दिवस उरले तेव्हा त्याने मला बाहेर काढलं. बराच वेळ न्याहाळलं. बायको समोरच शेंगा सोलत बसली होती.

"इथे बघ," तो तिला म्हणाला, "या चित्रात चूक काय आहे ते मला कळलं. नकाशा काढणं म्हणजे काय गाळायचं ते कळणं. मी मुलांना हेच सांगायचो. हिच्यात कुणी काही गाळलंच नाही! मी साफ करतो, मग तुला चटकन ओळखू येईल."

त्याने खोडायच्या पांढऱ्या रंगाची बाटली आणली. अतिशय काळजीने, जीभ दाताखाली धरून, त्याने आधी माझ्या पोटातली खिडकी पुसली. मग ती वाकडी बाई पुसली. मला जन्म देणारी! चित्राला दुखत नाही म्हणतात. असेल. पण तिथे पांढरा गोळा वाळू लागला तेव्हा मला फार एकटं वाटलं.

मग काजळी गेली. मग त्याचा ब्रश लाल दोऱ्याकडे वळला.

शेंगांचं ताट खणकन बाजूला झालं. बाईंनी त्याचं मनगट पकडलं होतं.

"आत्या," ती म्हणाली. रागाने. "आत्या... बाई!"

तो ब्रश धरून तसाच थांबला. ती माझ्या मुठीवर बोट आपटत होती, दोऱ्यावर. "आत्याबाई!"

आणि तो एकदम खुर्चीत मागे रेलला. मला वाटतं, तो पहिल्यांदाच खुर्चीत पूर्ण बसला.

ती गोष्ट मला नंतर कळली, कारण पुढे आल्यागेल्या प्रत्येकाला त्याने ती सांगितली. त्यांच्या लग्नानंतर त्याची एक आत्या मुक्कामाला आली होती. सकाळपासून धुसफुस. झाकण सतत थडथडतं, जवळ गेलं की चटका. नव्या सुनेने शेगडीवरच्या जुन्या किटलीचं गुपचूप नाव ठेवलं, आत्याबाई. तिच्याही मुठीचं लाकूड गेलेलं, आणि बायकोने कचेरीतली पार्सलं बांधायची सुतळी तिला गुंडाळलेली. दोघांचं ते गुपित. एकदा तो बेसावधपणे आतल्या खोलीतून ओरडला, "अगं, आत्याबाई उतरवल्यास का?" आणि पलीकडच्या खोलीतून खरी आत्या गरजली, "मला कुठून उतरवताय रे?"

आत्या गेली, नाव राहिलं. त्या घरात किटलीला किटली कुणी म्हणालंच नाही. मुलगीसुद्धा शाळेत जाईपर्यंत आत्याबाईच म्हणायची. आणि आजारपणानंतर ती जुनी किटली धोक्याची म्हणून मुलीनेच माळ्यावर टाकली होती.

म्हणजे रुग्णालयात बाई चुकली नव्हती. तिने तिच्या घरचं अचूक उत्तर दिलं होतं. माझा दोरा लाल, तिची सुतळी मातकट, रंगसुद्धा जुळत नव्हता. पण गुंडाळण्याची तऱ्हा तीच होती, आणि तेवढ्या एका टोकाला धरून ती इतक्या लांबून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आली होती.

"मी खूणच पुसायला निघालो होतो गं," प्राध्यापक म्हणाला. "नद्या ठेवल्या आणि वाट दाखवणारं झाड तोडलं." चष्मा काढून तो पुसत बसला. काच स्वच्छ होती तरी.

मग तो उठला, स्टूल लावलं आणि या वयात माळ्यावर चढला. ती खालून स्टूल धरून उभी, तोंडाने नुसतं "अ... अ..." करत. तो धूळभरली किटली घेऊन उतरला. तिने ती हातात घेतली, पदराने तिचं पोट पुसलं, सुतळी चाचपली. शेगडीकडे बोट केलं.

"चढवा," ती म्हणाली.

दोन दिवसांत चमत्कार झाला, असं मी सांगणार नाही. छत्रीला छत्री ती अजूनही म्हणत नव्हती. पण त्याने घरातल्या वस्तूंची चित्रं स्वतः काढली, नकाशे काढणाऱ्या बारीक हाताने. कागदाच्या घडीवरचं टेबल. एक काडी वाकलेली त्यांची छत्री. तिच्या औषधाची बाटली, जिचं लेबल तिनेच कंटाळून अर्धं फाडलं होतं. टेबलाला ती "लंगडा" म्हणाली. छत्रीला "सासरा" म्हणाली आणि स्वतःशीच हसली. ते का, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. औषधाच्या बाटलीला ती जे म्हणाली ते मी इथे सांगू शकत नाही.

मुलगी आली. आल्याआल्या तिने दोन बॅगा काढून दिवाणखान्यात उघड्या ठेवल्या. मी टेबलावर चहाच्या डब्याला टेकून उभी होते, तिथून मला त्यांची उघडी तोंडं दिसत होती.

"आई," ती समोर बसून म्हणाली, "तूच सांग. इथे राहायचंय, की माझ्याकडे यायचंय?"

"तिला इथेच—" प्राध्यापक म्हणाला.

"बाबा!"

"नाही, म्हणजे तिला आता येतं. ती सांगते ना, आत्याबाई म्हणते, चढवा म्हणते, काल तर तिने मला—"

बाईंनी हात वर केला. टपाल कचेरीच्या खिडकीतून रांगेतल्या घुसणाऱ्याला थांबवावं तसा. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला. मुलगी पुढे वाकली, पण तिने मदत केली नाही, तेवढं तिने बरोबर केलं.

"तुम्ही," बाई नवऱ्याला म्हणाली, "बाहेर... बसा."

 मग मुलीला हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला, पण हसू थांबेना, आणि हसताहसता ती रडू लागली. प्राध्यापक खरंच उठला. आज्ञाधारकपणे बाल्कनीत गेला आणि तिथल्या मोडक्या खुर्चीच्या कडेवर बसला. जाळीच्या दारातून त्याचा अर्धा चष्मा दिसत होता.

"आता बोल," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "कुठे राहायचंय?"

बाईंनी शेगडीकडे पाहिलं. "आत्याबाई," ती म्हणाली. मग तिने जमिनीकडे बोट केलं, दोनदा. "इथं. इथं."

 मुलीने उठून बॅगांच्या चेनी ओढल्या. रिकाम्याच.

"बरं. आत्याबाई इथं," ती म्हणाली. "पण रोज संध्याकाळी फोन. आणि फोनवर तू बोलायचंस. बाबांनी नाही."

बाल्कनीतून आवाज आला, "आत येऊ का?"

 दोघी मुद्दामच थांबल्या.

"काय ठरलं ते तरी सांगा! अगं, माझं काही चुकलं का?"

"चढवा!" बाई ओरडली.

मॅडम परत आल्यावर प्राध्यापकाने त्यांना ही हकीकत सांगितली आणि चित्र खराब केल्याबद्दल इतक्या वेळा माफी मागितली, की शेवटी मॅडमनी त्याला पुन्हा बाहेर बसवलं. मग त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन म्हटलं, "त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. मला ऐकू आलं नाही." त्या मला परत घेऊन गेल्या नाहीत. साध्या रेघांची एक नवी किटली जुडीत आली आहे म्हणे, आणि ती फार चांगलं काम करते. मला तिचा हेवा वाटत नाही. थोडा वाटतो.

आता मी त्यांच्या ओट्यावर असते, खऱ्या आत्याबाईंच्या शेजारी. वाफेने माझा पुठ्ठा फुगला आहे, कोपरे सुटले आहेत. माझ्या पोटावरच्या पांढऱ्या डागावर बाईंनी एक दिवस पेन्सिलीने दोन वेडेवाकडे गोल काढले आणि मध्ये एक रेघ. चष्मा. खाली खुर्चीची कड. तिच्या हाताला अजून कंप आहे, पण ओळखू येतो तो.

शिकवण्यासाठी चित्र साधं असावं की भरलेलं, हे मला विचाराल तर मला अजून नक्की सांगता येत नाही. मॅडमचं खरं आहे. चित्रकार बाईंचंही खरं असावं. माझं म्हणणं एवढंच, की एखाद्याला काही आठवावं म्हणून तुम्ही पानावरचं सगळं अनावश्यक पुसायला बसाल, तेव्हा ब्रश टेकवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. त्याचं बोट कुठे थांबतं ते पाहा. आणि तो भलताच शब्द बोलला, तर तो कुणाच्या घरातला आहे, याची चौकशी करा.

झाकण थडथडायला लागलं. बाल्कनीतला चष्मा आत वळला आहे. मी थांबते. आत्याबाई उतरवायची वेळ झाली.